उन्हाळ्यातील गाव : मराठी साहित्यातील एका संकेताचा विचार

मराठी वाङ्मयातील काही संकेत इतके अंगवळणी पडलेले आहेत की त्यांची तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. उन्हाळा आला, शहर तापले, शाळेला सुट्टी लागली आणि मुलांना घेऊन आई गावी निघाली, हा अशा संकेतांपैकीच एक होय. बालगीत, ललित निबंध, आत्मचरित्र, कथा या सर्व प्रकारांत तो वारंवार आढळतो. शहर म्हणजे दाह आणि गाव म्हणजे गारवा, हा त्याचा सर्वमान्य अर्थ. समीक्षेनेही हा अर्थ जसाच्या तसा स्वीकारून अशा लेखनाची बोळवण ‘बालपणाच्या रम्य आठवणी’ या एका शब्दसमूहाने केली आहे. या संकेताच्या मुळाशी असलेला गारवा हवेचा नसून नात्याचा आहे. तो आपोआप लाभत नाही, कोणीतरी तो निर्माण करीत असते. आणि निर्माण करणारे ते माणूस कलाकृतीच्या दृष्टिक्षेपात येते की नाही, यावर त्या कलाकृतीचा कस पुष्कळ अंशी अवलंबून असतो, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम उष्णतेचाच विचार करू. त्यासाठी नाशिकचे उदाहरण सोयीचे आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई व नाशिक ही शहरे एकमेकांच्या निकट आली. तेव्हापासून मुंबईत चाकरीस असलेल्या असंख्य कुटुंबांचे ‘गाव’ नाशिक अथवा त्या जिल्ह्यातील एखादे खेडे असे. या कुटुंबांची उन्हाळ्यातील वाट कसाऱ्याचा घाट चढून वर जाई. परंतु मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान मुंबईत सुमारे ३३ अंश, तर नाशिकला ३७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे पारा प्रमाण मानला, तर दुपारच्या वेळी हा प्रवास कमी उष्णतेकडून अधिक उष्णतेकडे होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा कोरडी आणि रात्र मात्र खरोखरच थंड असते. मुंबईच्या घामट रात्रीशी तुलना करता हा लाभ लहान नव्हे. मे महिन्यात गोदाकाठी संध्याकाळी भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेस श्रोते जमतात, त्यामागे व्याख्यात्यांच्या विद्वत्तेइतकाच त्या गार होत जाणाऱ्या संध्याकाळचाही वाटा असावा. तथापि नाशिकची गोष्ट खानदेशास लागू पडत नाही. जळगावकडे उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. पुण्याहून किंवा मुंबईहून तिकडे जाणारा मनुष्य उन्हातून सावलीत जात नसून उन्हातून वणव्यात जात असतो. आणि तरीही तो ‘गावी’ जातो. तेव्हा उष्म्यापासून सुटका हे या प्रवासाचे सांगितले जाणारे कारण आहे. त्याचे खरे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

येथे दोन प्रकारच्या प्रस्थानांत भेद करणे अगत्याचे आहे. एक हवापालट आणि दुसरे गावी जाणे. इंग्रजी अमलात मुंबई सरकारचे अधिकारी उन्हाळ्यात महाबळेश्वरी जात, तो पहिला प्रकार. नाशिकजवळच्या देवळालीची कोरडी हवा मानवते म्हणून मुंबईकर तेथील आरोग्यभवनांत राहावयास येत, तोही पहिलाच प्रकार. येथे गारवा विकत मिळतो. पैसे देणारा पाहुणा आणि घेणारा यजमान यांच्यातील व्यवहार बिल चुकते होताच पूर्ण होतो. गावी जाणाऱ्याचे मात्र तसे नाही. तो पैसे देत नाही, परंतु त्याच्यावर ऋण चढते. आणि ते ऋण फेडण्याची रीत ठरलेली नसते. नाशिक परिसराचे वैशिष्ट्य असे की अवघ्या काही मैलांच्या अंतरात ही दोन्ही प्रस्थाने नांदत होती. एकाच आगगाडीतून उतरणारे दोन प्रवासी, एक देवळालीच्या बंगल्याकडे आणि दुसरा पंचवटीतील एखाद्या जुन्या वाड्याकडे वळत. मराठी साहित्याने पहिल्याची फारशी दखल घेतलेली नाही. दुसऱ्याला मात्र आपल्या भावविश्वात अढळ स्थान दिले. याचे कारण दुसऱ्याच्या वाटेवर कोणीतरी त्याची प्रतीक्षा करीत उभे आहे, हे होय.

ग. दि. माडगूळकर यांचे मामाच्या गावाला नेणारे आगगाडीचे गीत या संकेताचे सर्वांत लोकप्रिय रूप आहे. ते इतके तोंडपाठ आहे की त्याचे वाचन असे कोणी करीतच नाही. ते लक्षपूर्वक वाचले असता काही अनपेक्षित गोष्टी दिसतात. त्यात उन्हाळ्याचा उल्लेख नाही. आंबे नाहीत, विहीर नाही, शेत नाही. मामाचे गाव हे खेडे नसून सोन्यारुप्याचा व्यापार चालणारे, मोठ्या बाजारपेठेचे ठिकाण आहे. मामा धनिक असून भाच्यांना उंची कापड घेऊन देणारा आहे. म्हणजे शहरातील मूल खेड्यात जाते, ही समजूत गीताची नसून गीत ऐकणाऱ्यांची आहे. श्रोत्यांनी आपला उन्हाळा आणि आपले खेडे त्यात घातले, आणि गीतानेही ते सुखाने सामावून घेतले. कारण त्याचा गाभा ऋतूत किंवा स्थळात नसून नात्यात आहे.

या गीतातील आणखी एक क्षण विशेष अर्थपूर्ण आहे. दारात आलेली मुले कोणाची, असे मामी विचारील आणि मुले आपापली नावे सांगतील, अशी कल्पना तेथे केलेली आहे. बालसुलभ गमतीच्या आवरणाखाली कवीने येथे गावी जाण्याची अट सांगून टाकली आहे. ती अट ओळखीची. गाव म्हणजे जेथे ‘तुम्ही कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर देता येते आणि ते उत्तर देताच पाट मांडला जातो, असे स्थान. मात्र याच गीताची मर्यादाही येथेच दिसून येते. मामीचे रूप आणि तिचे पाककौशल्य यांपलीकडे ती कोण, हे गीतास ठाऊक नाही. रोजची गोडाधोडाची जेवणे कोण रांधते हे सांगितले आहे. रांधणारीला उन्हाळ्यात चुलीपुढे काय वाटते, याचा प्रश्न बालगीतात उद्भवत नाही. बालगीताकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु प्रौढ वाङ्मयानेही पुष्कळदा बालगीताचीच दृष्टी पुढे चालविली, ही खरी चिंतेची बाब आहे.

मामाचे गाव हे आईचे माहेर असते, ही साधी गोष्ट विसरल्यामुळे या संकेताचा अर्ध्याहून अधिक आशय हरवतो. मूल आजोळी जाते, कारण आई माहेरी जाते. उन्हाळी सुट्टी ही शाळा व न्यायालये यांच्याबरोबर आलेली अर्वाचीन व्यवस्था असली, तरी तिला आपल्याकडे एक जुनी चौकट आयती मिळाली. ती चौकट माहेरपणाची. नागपंचमीस भाऊ न्यावयास येतो, ही जात्यावरच्या ओव्यांतील नित्याची कल्पना. खानदेशात वैशाखातील अक्षय तृतीया, म्हणजेच आखाजी, हा माहेरवाशिणींचा सण आहे. वर्षातील सर्वांत कडक उन्हात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. सासर आणि माहेर दोन्ही सारखीच तापलेली असतात. तापमान तेच राहते. बदलते ते स्त्रीचे स्थान. सासरी जी राबते, ती माहेरी चार दिवस झोक्यावर बसते. गारवा म्हणजे कामापासून मिळालेली ही अल्पकालीन मोकळीक होय.

हे सत्य ज्या कवयित्रीने सर्वांत स्वच्छ पाहिले, ती बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). जळगावजवळचे असोदे हे त्यांचे माहेर. त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आखाजीचा झोका त्यांच्या गाण्यात आहेच. परंतु माहेरच्या वाटेचे त्यांनी केलेले चित्र अधिक मूलगामी आहे. वाट तापून लाल झाली आहे, पावले भाजत आहेत, आणि तरीही चालणारीस ती वाट मऊ लागते. ठेच लागते तेव्हा वाटेवरचा धोंडासुद्धा तिच्याशी माहेरच्या माणसासारखा बोलू लागतो. उन्हाचा दाह येथे नाकारलेला नाही. तो पूर्णपणे मान्य करून नात्याने त्याचे रूपांतर घडविले आहे. ज्या लेखनात गाव मुळातच थंड, हिरवे आणि झुळझुळणारे असते, त्यात हे रूपांतर घडण्यास अवसरच उरत नाही. बहिणाबाईंची कविता श्रेष्ठ ठरते ती या कारणाने की तिने उष्णता कमी करून सांगितली नाही.

याहूनही पुढची पायरी त्यांच्या योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादात गाठली आहे. माहेराचे एवढे गुणगान करणारी स्त्री मग सासरी येतेच कशाला, असा विरक्त पुरुषाचा प्रश्न आहे. त्यावर ती जे उत्तर देते त्याचा आशय असा की आई स्वतःच्या सासरी नांदते, म्हणूनच तिच्या लेकीला माहेर लाभते. संपूर्ण संकेताचे मर्म या एका उत्तरात आले आहे. एकीचे माहेर हे दुसरीचे सासर असते. ज्या घरात पाहुणी म्हणून सावली मिळते, त्या घरात कोणीतरी उन्हात उभे असते. आणि आज सावलीत बसलेली स्त्री उद्या आपल्या लेकीसाठी त्याच उन्हात उभी राहणार असते. तत्त्वज्ञानाची परिभाषा न वापरता कवयित्रीने येथे सुखाचे अर्थशास्त्र मांडले आहे.

अर्थात प्रत्येक माहेर सावली देतेच असे नाही. नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या आत्मचरित्रात याचा पुरावा मिळतो. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेले, मीठ-साखरेसारखे जिन्नसही धुऊन घ्यावयास लावणारे ते घर मुलांना धाकाचे स्थान वाटे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. आश्रय मिळाला, हे त्या कृतज्ञतेने नोंदवितात. परंतु आश्रयास येणारी स्त्री चार दिवसांची माहेरवाशीण नसेल, तिच्या परतीची तिथी ठरलेली नसेल, तर आश्रयाचे स्वरूप पालटते, हेही त्या लपवीत नाहीत. माहेरपण हे मुदतीचे असते. मुदत संपली की पाहुणी भार होते. त्यांची विनोदबुद्धी या कटु ज्ञानाला कडवट होऊ देत नाही, आणि म्हणूनच हे ज्ञान वाचकापर्यंत निखळपणे पोहोचते.

पुरुषाच्या बाजूने या संकेताची कठोर परीक्षा भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीत झाली. पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास जातो आणि सुट्टीत खानदेशातील आपल्या गावी येतो. रूढ संकेतानुसार या येण्यात विसावा असावयास हवा. कादंबरी तो देत नाही. वडिलांशी असलेला दुरावा आणि घरातील कोंडमारा गावी त्याची वाट पाहत असतात. आणि धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते तेव्हा तर गाव हे ज्याला वाचविता आले नाही अशा जिवाचे स्थान होऊन बसते. शेवटी पांडुरंग गावी परत येतो, तो सुट्टीसाठी नव्हे. परतण्याची तिथी नसलेले हे येणे आहे. गाव विसावा वाटते, ते तेथून पुन्हा जावयाचे असते तोवरच. लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात जे माहेराविषयी दिसले, तेच येथे एका पदवीविना परतलेल्या तरुणाविषयी दिसते. दोन अत्यंत भिन्न कलाकृती एका ठिकाणी येऊन मिळतात, हे लक्षणीय आहे.

येथवरचा विचार ज्यांना गाव होते त्यांच्यापुरता झाला. परंतु ‘तुम्ही कोणाचे?’ हा प्रश्न सर्वांना सारखा सुखावह नव्हता. नाशिकजवळील विहितगाव येथे जन्मलेले बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या तरुणास भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागते, आणि ती उघड होताच त्याला मारहाण होते. मामीने दारात विचारलेला प्रश्न आणि घरमालकाने दारात विचारलेला प्रश्न शब्दांनी जवळजवळ एकच आहे. पहिल्या ठिकाणी उत्तर देताच पाट मिळतो, दुसऱ्या ठिकाणी उत्तर देताच काठी मिळते. ही दोन दारे शेजारी ठेवून पाहिल्यावाचून ‘गाव’ या शब्दाचा मराठीतील अर्थ पूर्ण होत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये मुंबईचा कावाखाना आणि धामणगावचा महारवाडा यांमधील ये-जा आहे. तेथेही आजी आहे, आठवण आहे, ओढ आहे; परंतु गावी परतणे म्हणजे गावकीच्या कामात आणि ठरवून दिलेल्या पायरीवर परतणे. उन्हाळ्यात सावलीपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा, आणि पाणवठा सर्वांचा नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याच्या गौरवाला त्यांनी जो विरोध केला, त्यामागे हा अनुभव होता. गावाचा गारवा गाणाऱ्या साहित्याने या विरोधाला वाङ्मयीन उत्तर दिले पाहिजे होते. बहुतांशी त्याने मौन पाळले.

येथे एक आक्षेप संभवतो. कोण राबते, कोणास पाणी मिळते, हे प्रश्न समाजशास्त्राचे आहेत; साहित्यकृतीचे मूल्य त्यांवरून कसे ठरवावे? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. केवळ राबणाऱ्या मामीचा उल्लेख केल्याने एखादा निबंध श्रेष्ठ होत नाही, आणि उल्लेख न केल्याने माडगूळकरांचे गीत कनिष्ठ ठरत नाही. परंतु प्रश्न उल्लेखाचा नसून दृष्टिकोणाचा आहे. येणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले गाव नेहमी एकाच क्षणी गोठलेले असते: दार उघडते, आजी हसते, माठातले पाणी मिळते. राहणाऱ्याचा डोळा त्यात नसला की त्या चित्रास काळ नसतो. आणि काळ नसला की त्यात घटना घडू शकत नाही, केवळ वर्णन वाढते. सुट्टीतील गावावरचे बहुसंख्य ललित निबंध एकमेकांसारखे वाटतात ते या रचनागत उणिवेमुळे. आंब्यांच्या अढीचा वास, ओसरीवरचा झोपाळा, अंगणातली बाज ही सामग्री सर्वांजवळ सारखीच असते. बहिणाबाई, लक्ष्मीबाई किंवा नेमाडे यांच्याजवळ याहून निराळी सामग्री नव्हती. राहणारा आणि येणारा यांना एकाच वेळी पाहण्याची शक्ती मात्र त्यांच्याजवळ होती. तेव्हा ही कसोटी कलेचीच आहे.

याच कसोटीवर महेश एलकुंचवार यांचे १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक उतरते. विदर्भातील खेड्यात देशपांड्यांच्या वाड्यात वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईचा मुलगा सुधीर पत्नीसह येतो. येथे सुट्टीचा आनंद नाही. परंतु येणारे आणि राहणारे यांच्यातील जुना अलिखित करार नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. इतकी वर्षे वाडा कोणी सांभाळला, आईचे कोणी केले, कोणाचे शिक्षण राहिले आणि कोणाचे आयुष्य स्वयंपाकघरात सरले, हा हिशेब मृत्यूच्या निमित्ताने पुढे येतो. सुट्टीत येणाऱ्यावर जे ऋण चढत गेले होते, त्याची वसुली येथे सुरू होते. आणि ते फेडता येण्याजोगे नाही, हे दोन्ही बाजूंना कळून चुकते. आजोळच्या सर्व रम्य वर्णनांत जो प्रश्न दडून होता, तो या नाटकाने उघड्यावर आणला. एलकुंचवार कोणासही दोषी ठरवीत नाहीत. येणारा लुच्चा नाही आणि राहणारा संत नाही. या समतोलामुळेच नाटक तक्रारीच्या पातळीवर न राहता शोकात्म पातळी गाठते.

आज या संकेताखालची भूमीच सरकली आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती. मुंबईकराचे ‘गाव’ असलेले नाशिक आता स्वतःच इतरांनी उन्हाळ्यात सोडून जाण्याचे शहर झाले आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी रानवाटा तुडवाव्या लागतात. तेथील मजूर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत कामास येतात. गारव्यासाठी शहरातून गावाकडे जाणाऱ्यांच्या समोरून, कामासाठी गावातून बाहेर पडणाऱ्यांची ही दुसरी रांग चालत असते. या रांगेलाही गाव आहे, माहेर आहे, लग्नकार्यासाठी परतण्याची ओढ आहे. मराठी साहित्यात तिच्या उन्हाळ्याचे चित्रण अद्याप विरळ आहे.

म्हणून या विषयावरील लेखनाकडे वळणाऱ्या अभ्यासकाने त्यास स्मरणरम्य म्हणून सोडून देऊ नये आणि खोटे म्हणून झिडकारूही नये. ओढ खरी असते. उन्हातून चालत गेलेल्या पावलांना वाट मऊ लागते, हेही खरे असते. प्रत्येक कलाकृतीस एवढेच विचारावे की माठातले पाणी दिसले, तसे ते भरून आणणारे माणूस तिला दिसले काय. ज्या कवयित्रीने लेकीच्या सुखामागे उभी असलेली आई पाहिली, तिने या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावयाचे हे फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे.